लहान रिव्हॉल्व्हर (जुन्नर व आंबेगाव तालुके)

आखूड नळीचे, फिरत्या चक्रीत पाच किंवा सहा काडतुसे घेणारे, कमरेच्या म्यानात मावणारे अग्निशस्त्र. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत ते स्वसंरक्षणासाठी परवान्यावर बाळगले जाते. बिबट्याच्या भीतीतूनही शस्त्रपरवान्यांची मागणी होते. मात्र माणसापासूनच्या धोक्यासाठी घडवलेले हे शस्त्र बिबट्यापुढे जवळपास निरुपयोगी आहे.

या वर्गातील नमुनेदार शस्त्र म्हणजे अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीने १९५० मध्ये आणलेले पाच गोळ्यांचे चीफ्स स्पेशल. भारतात खाजगी व्यक्तींसाठीची शस्त्रआयात १९८०च्या दशकात बंद झाल्याने परदेशी रिव्हॉल्व्हर दुर्मीळ व महाग झाले. सामान्य परवानाधारकाकडे असते ते कानपूरच्या सरकारी कारखान्यातले पॉइंट ३२ बोरचे, सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर. ते ब्रिटिश वेब्लीच्या घडणीवर बेतलेले असून वजन सुमारे ७०० ग्रॅम भरते. जानेवारी २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर टायटॅनियम मिश्रधातूमुळे ५२५ ग्रॅमवर आले. त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. ९ मिमी पिस्तूल किंवा पॉइंट ३०३ रायफल सैन्याची काडतुसे घेते, म्हणून ती ‘निषिद्ध बोर’मध्ये मोडते, पॉइंट ३२ त्यात येत नाही. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे असली, तर ते १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले, म्हणजे याच जिल्ह्यातले असते.

परवान्याची पद्धत इंग्रजी राजवटीतली आहे. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हिंदी माणसाला विनापरवाना शस्त्र बाळगण्यास मनाई करणारा कायदा झाला. आजचा शस्त्र अधिनियम १९५९चा, तर नियम २०१६चे. पुणे व पिंपरी-चिंचवड शहरांत परवाना पोलीस आयुक्त देतात. जुन्नर-आंबेगाव ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत असल्याने येथे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव यांसारख्या संबंधित पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. अर्जदाराचे वय किमान २१ हवे. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि घरी ते सुरक्षित कुलूपबंद ठेवण्याची हमीही लागते. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळता येत नाही. शस्त्र हे बागायतदारांचेच असते, ही समजूत म्हणून कायद्याला धरून नाही. डिसेंबर २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आणि एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येऊ लागली.

पश्चिमेकडील डोंगराळ गावांसाठी आणखी एक अट आहे. गावोगावी तिची माहिती फारशी नसते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन खात्याकडे नाव नोंदवायचे असते. त्या टापूत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. भीमाशंकर अभयारण्यामुळे (१९८५) आहुप्यासारखी आंबेगावातील गावे आणि हरिश्चंद्रगडाकडील अभयारण्यामुळे खिरेश्वरसारखी जुन्नरमधील गावे या टापूत येतात.

जवळ बाळगण्याचे नियम कडक आहेत. सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर म्यानात, पूर्ण झाकलेले आणि ताब्यात असावे लागते. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची खास परवानगी नसेल तर ते जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सभेत किंवा शाळा-महाविद्यालयाच्या आवारात नेता येत नाही. थापलिंगची खंडोबाची यात्रा, ओतूरची श्रावणी सोमवारची कपर्दिकेश्वराची यात्रा, बैलगाडा शर्यतीचा घाट या सर्व जागा त्यात आल्या. हळदीत किंवा वरातीत हवेत बार काढणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. निवडणुकीच्या काळात छाननी समिती सांगेल त्यांना शस्त्र ठाण्यात जमा करावे लागते. परवाना नसलेला ‘गावठी कट्टा’ ही वेगळीच गोष्ट. मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यातले उमर्टी हे त्याच्या उत्पादनाचे कुप्रसिद्ध केंद्र आहे. असे शस्त्र नुसते जवळ सापडले तरी किमान दोन वर्षांची कैद आहे.

आता बिबट्याविषयी. डिंभ्यासह कुकडी प्रकल्पातील धरणांच्या पाण्यावर येथे ऊस वाढला, विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने उभे राहिले आणि उसाच्या फडात बिबट्याने घर केले. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात माणसांवरील हल्ल्यांची मोठी लाट आली. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र झाले. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात बळी गेले, लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग रोखला आणि अखेर वन खात्याने बोलावलेल्या नेमबाजांनी एक बिबट्या ठार केला. मूल गमावलेल्या गावाने शस्त्र मागावे, यात अस्वाभाविक काही नाही. पण बिबट्या मागून, खाली दबून येतो आणि सगळे काही क्षणांत होते. बळी पडतात ती बहुधा मुले, वाकून काम करणारी किंवा बसलेली माणसे. म्यानातून शस्त्र काढण्याइतका अवकाशच मिळत नाही. पॉइंट ३२च्या गोळीची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास असते. बारा बोरच्या काडतुसाची तिच्या दसपटीहून अधिक. पूर्ण वाढलेला नर ५० ते ७० किलोचा असतो. एवढ्या गोळीने तो जागीच पडेल याचा भरवसा नाही, आणि जखमी बिबट्या अख्ख्या वस्तीला अधिक धोकादायक ठरतो. फडात आंधळा बार काढला तर पलीकडची ऊसतोड मजुराची कोपी वाटेत येऊ शकते.

कायदाही स्पष्ट आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने बिबट्या मारला गेला तर तो गुन्हा नाही. मृत प्राणी सरकारजमा होतो. शेळी नेणाऱ्या बिबट्यावर ओट्यावरून गोळी झाडणे मात्र शिकार ठरते, आणि बिबट्या पहिल्या अनुसूचीत असल्याने किमान तीन वर्षांची कैद होऊ शकते. पीकरक्षणासाठी शस्त्र अधिनियमात ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. रिव्हॉल्व्हर त्यात बसत नाही. शेतकऱ्याला अंधारात उसात उतरावे लागते ते कृषिपंपाची वीज रात्रपाळीत येते म्हणून. दिवसा वीज, वस्तीभोवती मोकळी जागा आणि बंदिस्त गोठा यांनी जेवढे जीव वाचतील, तेवढे परवाने वाटून वाचणार नाहीत.

सत्तरी ओलांडलेल्या किंवा २५ वर्षे शस्त्र बाळगलेल्या परवानाधारकाला ते वारसाकडे देण्यासाठी अर्ज करता येतो. परवानाधारक वारला असेल तर परवाना त्याच्याबरोबर संपतो आणि घरात उरलेले रिव्हॉल्व्हर बेकायदा ठरते. अशा कुटुंबाने ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि वारसाच्या नावे परवाना हवा असल्यास त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.