खुब्याचा सांधा : घडण गर्भातली, काळजी जन्मानंतरची

मूल वर्षाच्या सुमारास पहिले पाऊल टाकते. मात्र त्या पावलाची तयारी गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यातच सुरू झालेली असते. या आठवड्याच्या अखेरीस गर्भाच्या खालच्या भागात दोन लहान उंचवटे दिसू लागतात. हेच पायांचे अंकुर. (डॉक्टर पाळीपासून दिवस मोजतात, ती मोजणी दोन आठवड्यांनी अधिक भरते.)

सहाव्या आठवड्यात अंकुरांमध्ये कूर्चेचे साचे तयार होतात. पाऊल आरंभी वल्ह्यासारखे चपटे असते. बोटांमधील पेशी नियोजित वेळी नष्ट होतात आणि आठव्या आठवड्याच्या अखेरीस बोटे सुटी होतात. दरम्यान पाय आतल्या दिशेने सुमारे ९० अंशांत वळतात. म्हणूनच गुडघा पुढे येतो, तर कोपर मागे राहते.

मांडीच्या हाडाचा गोल माथा आणि तो ज्यात बसतो ती कमरेच्या हाडातील वाटी एकाच पेशीसमूहातून घडतात. पुढे त्यांच्यात फट पडते व अकराव्या आठवड्यापर्यंत सांधा आकाराला येतो.

हा काळ किती नाजूक असतो, हे थॅलिडोमाइडने दाखवून दिले. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये बाजारात आलेले हे औषध गर्भवतींना मळमळीवर दिले जाई. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते तेथे मागे घेतले गेले, तोवर हजारो बालके हातापायांच्या व्यंगासह जन्मली होती.

जन्मानंतरही सांध्याची घडण सुरूच राहते. माथा नीट बसलेला नसेल, तर वाटी उथळ राहते. मुली, पहिले अपत्य, पायाळू बालके आणि घराण्यात हा दोष असलेली बालके यांच्यात याचे प्रमाण अधिक आढळते. दोष वेदनारहित असल्याने सहज नजरेतून सुटतो. एक मांडी पुरेशी न फाकणे किंवा एक पाय आखूड भासणे, ही त्याची लक्षणे. माथ्यात हाड धरण्यास साधारणतः चार ते सहा महिने लागतात. त्यामुळे त्याआधी एक्स-रेपेक्षा सोनोग्राफी उपयुक्त ठरते.

पहिल्या काही महिन्यांत निदान झाल्यास पाय दुमडून फाकलेल्या स्थितीत ठेवणाऱ्या पट्ट्यांनी बहुतेक सांधे सुधारतात. उशीर झाल्यास शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट बांधणेही टाळावे. कडेवर घेताना मांड्या आपोआप फाकतात. खुब्याला हीच स्थिती मानवते.