धनुर्वात : पेशीतील वाहतुकीवर घाला

धनुर्वात जखमेतून होत असला, तरी त्याचा खरा आघात चेतापेशीच्या आत होतो. ‘क्लॉस्ट्रिडियम टेटनी’ या जिवाणूची बीजुके माती व शेणखतात वर्षानुवर्षे टिकून राहतात. वाशिमसारख्या सोयाबीन-तुरीच्या जिल्ह्यात विळा लागणे, काटा रुतणे नित्याचेच. त्यामुळे या रोगाचा धोका शेतकऱ्याच्या निकट असतो.

पेशीत अनेक पदार्थांची ने-आण पटलाच्या सूक्ष्म पिशव्यांतून, म्हणजे पुटिकांतून होते. या वाहतुकीचा उलगडा केल्याबद्दल जेम्स रॉथमन, रँडी शेकमन व थॉमस सुडहॉफ यांना २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चेतापेशीत पुटिकेवरील सिनॅप्टोब्रेव्हिन हे प्रथिन पेशीपटलावरील दोन प्रथिनांशी दोरीसारखा पीळ घालते. पुटिका पटलात मिसळते आणि तिच्यातील रसायन बाहेर पडते. त्यानंतर एनएसएफ नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, एटीपीची ऊर्जा वापरून तो पीळ सोडवते आणि प्रथिने पुन्हा कामास मोकळी होतात.

धनुर्वाताचे विष हेही एक विकरच आहे. पेशीच्याच वाहतूक-यंत्रणेवर स्वार होऊन ते स्नायूजवळच्या चेतातंतूतून मज्जारज्जूपर्यंत पोहोचते. तेथे स्नायूंना आवर घालणाऱ्या चेतापेशींत शिरून ते सिनॅप्टोब्रेव्हिनचे दोन तुकडे करते. इटलीतील स्कियाव्हो, मॉन्टेकुको व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हे सिद्ध केले. प्रथिन तुटताच आवर घालणारी रसायने पेशीतच अडकतात. स्नायू अनिर्बंध आकसतात, दातखीळ बसते, शरीर धनुष्यासारखे वाकते. विकर स्वतः खर्ची पडत नसल्याने विषाची अत्यल्प मात्राही घातक ठरते.

चेतापेशीत शिरलेल्या विषापर्यंत प्रतिविष पोहोचू शकत नाही. ते केवळ बाहेर उरलेले विष निष्प्रभ करते. शिवाय एकदा धनुर्वात होऊन गेल्याने प्रतिकारशक्ती येत नाही. म्हणून लस हाच खरा उपाय होय. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचा आरंभही धनुर्वातावरील प्रतिविषापासूनच झाला. गरोदर मातांचे लसीकरण व सुरक्षित प्रसूती यांमुळे २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. निर्मूलनाचा निकष प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, असा आहे.

तथापि, मातीतील बीजुके नष्ट झालेली नाहीत. बालपणीच्या मात्रांनंतर दहाव्या व सोळाव्या वर्षीची ‘टीडी’ लस आणि दूषित जखमेनंतर वेळीच घेतलेला वैद्यकीय सल्ला, यांना आजही पर्याय नाही.