वाळा : कमी पाण्यात तग धरणारं गवत, अशी करा लागवड

उन्हाळ्यात माठात टाकतात तो सुगंधी वाळा म्हणजे एका गवताची मुळं. हे गवत अंगणाच्या कडेला शोभून दिसतं आणि बांधावर माती धरून ठेवतं. मुळं फारशी आडवी न पसरता 3 मीटरपर्यंत खोल जातात, म्हणून ते दुष्काळातही तगतं.

लागवड : जून-जुलैत चांगला पाऊस झाल्यावर जुन्या बेटातून फुटवे काढा. पात 20 सेंमी ठेवून छाटा. एका जागी 2-3 फुटवे, 10 ते 15 सेंमी अंतरावर लावा. बांधावर ओळ उताराला आडवी हवी. मध्ये फट राहिली तर माती तिथूनच वाहून जाते.

निगा : पहिल्या वर्षी पावसानं ओढ दिली तर पाणी द्या. जागा उन्हाची हवी. वर्षातून 2 वेळा 30 ते 40 सेंमीवर छाटणी केली की बेट दाट होतं. कोवळी पात जनावरं खातात, जून पात आच्छादनाला वापरा.

हे टाळा : मुळांसाठी बांधावरचा वाळा खणू नका. माती मोकळी होऊन जोराच्या पावसात बांध फुटू शकतो. माठासाठी 4 बेटं परसात किंवा मातीनं भरलेल्या गोणीत वेगळी लावा. मुळं दीड वर्षात काढायला येतात.