धर्मग्रामातील मतभेद आणि ख्रिस्तसभेची रीत

धर्मग्रामात तंटा उद्भवला की ‘पहिल्या ख्रिस्ती लोकांत असे कधी घडत नव्हते’ असा सूर हमखास निघतो. नव्या कराराची साक्ष मात्र निराळी आहे. संत पौलाने करिंथ येथील ख्रिस्तसभेला पहिले पत्र लिहिले ते इ. स. 54-55 च्या सुमारास. त्या सभेत पौलाचे, अपुल्लोचे, केफाचे असे गट पडले होते. भाऊ भावाला विधर्मी न्यायाधीशापुढे खेचत होता. प्रभुभोजनास जमल्यावर कोणी उपाशी राही, तर कोणी मद्यधुंद होई. असे असूनही पौल पत्राच्या आरंभी त्यांना पवित्रजनच म्हणतो. इ. स. 96 च्या सुमारास रोमच्या संत क्लेमेंतला त्याच करिंथला पुन्हा पत्र धाडावे लागले, कारण तेथील काही मंडळींनी आपल्या वडीलजनांना पदावरून दूर केले होते.

या पत्रातील एक बारकावा सहसा लक्षात येत नाही. गटबाजीची वार्ता आपल्याला ख्लोवेच्या घरच्या माणसांकडून कळली, असे पौल उघडपणे लिहितो. तक्रार करणारा पडद्याआड नाही. महागुरूस्वामींना निनावी पत्रे धाडण्याची आपल्याकडील सवय या कसोटीवर टिकत नाही. ज्याला उत्तर द्यायचे तो समोरच नसेल, तर समेट व्हावा तरी कोणाशी?

प्रभू येशूने घालून दिलेला क्रम संत मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात (15-17) आहे. अपराध करणाऱ्या बंधूला प्रथम एकट्याने, एकांतात भेटावे. त्याने ऐकले नाही, तर एकदोघांना साक्षीला न्यावे. तरीही न ऐकल्यास सभेला सांगावे. आपण बहुधा हा क्रम उलटा चालवतो : आधी मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर चर्चा, मग पाळकीय मंडळात वाद, आणि संबंधित व्यक्तीला सर्वांत शेवटी, तेही तिसऱ्याच्या तोंडून! शेवटच्या पायरीवर त्या माणसाला परराष्ट्रीय व जकातदार यांसारखा मानावे, असे वचन आहे. मात्र जकातदारांच्या पंक्तीला प्रभू स्वतः बसला होता आणि मत्तय स्वतः जकातदार होता, हे वाचकांनी विसरू नये. बाहेर गेलेल्याला परत आणण्याची वाट तेथेही खुली राहते.

चूक जाहीर असेल, तर मात्र पौलाने वेगळी रीत अवलंबिली. अंत्युखियात यहुदी बांधव येताच पेत्र परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांच्या पंक्तीतून मागे सरला, तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष त्याला दोष दिला (गलती. 2:11-14). योहान मार्कला सोबत न्यावे की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांची ताटातूट झाली. ती किती दिवस टिकली ते सांगता येत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मात्र मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असा निरोप आढळतो (4:11).

प्रारंभीच्या ख्रिस्तसभेने समेटाची सांगड रविवारच्या उपासनेशी घातली होती. ज्यांचे भांडण आहे त्यांनी समेट होईपर्यंत अर्पणात सामील होऊ नये, असे ‘दिदाखे’ या प्राचीन ग्रंथात सांगितले आहे. तिसऱ्या शतकातील सिरियाच्या ‘दिदस्कालिया’त तर बिशपांनी तंट्यांचा निवाडा सोमवारी करावा असे म्हटले आहे. हेतू असा की निर्णय कोणाला रुचला नाही, तरी रविवारपर्यंत मने जुळवायला आठवडा हाती राहावा. आज मिस्सेत शेजाऱ्याला हात जोडून आपण शांती देतो, त्या चिन्हाच्या मागे ही शिस्त आहे.

1983 च्या कॅनन कायद्यातही हीच वृत्ती दिसते. श्रद्धावंतांमधील खटले न्याय राखून शक्य तितके टाळावेत, असे कलम 1446 सांगते. धर्मसभेच्या हिताविषयीचे आपले मत पाळकांना कळवणे हा प्रापंचिकांचा हक्क आहे, प्रसंगी कर्तव्यही आहे (कलम 212). वरिष्ठांच्या लेखी आदेशाने अन्याय झाला असे वाटल्यास, तो मागे घ्यावा किंवा त्यात बदल करावा अशी विनंती प्रथम त्यांनाच 10 दिवसांच्या आत लेखी करायची असते (कलम 1734). येथेही आधी समोरासमोर, नंतर वर. पुष्कळ भांडणे हिशेबावरून होतात. श्रद्धावंतांनी अर्पण केलेल्या संपत्तीचा हिशेब त्यांना देण्यास कलम 1287 सांगते आणि प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे कलम 537 नुसार सक्तीचे आहे. ताळेबंद वेळच्या वेळी सूचनाफलकावर लागला, तर निम्मी कुजबूज आपोआप थांबेल, असे आम्हांस वाटते.

या सर्वांस एक मोठा अपवाद आहे. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचार हा बंधूबंधूंमधील मतभेद नव्हे. त्याला एकांतात समजावण्याची पायरी लागू होत नाही, आणि क्षमेच्या नावाखाली पीडिताला गप्प बसवणे हा दुसरा अन्याय ठरतो. भारतात 2012 च्या पोक्सो कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक केले आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये काढलेल्या व 2023 मध्ये कायम केलेल्या नियमांनुसार धर्मगुरू व व्रतस्थांनी ती धर्माधिकाऱ्यांनाही विनाविलंब कळवायची असते. येथे पहिली भेट अपराध्याची नव्हे, तर मुलाची आणि त्याच्या आईवडिलांची घ्यायची असते.