आई-वडिलांच्या ग्रीन कार्डाची कुळकथा

अमेरिकेत राहणारा मराठी मुलगा तिथला नागरिक झाला, की आई-बाबांचे पेपर्स फाईल करायला घेतो. आईचे वेगळे, बाबांचे वेगळे. आय-१३० हा फॉर्म नाते सिद्ध करतो, तर आय-८६४ मध्ये त्यांचा भार उचलण्याची हमी लिहून द्यावी लागते. हे दोन कागद एकाच कामासाठी लागत असले, तरी त्यांची घराणी वेगळी आहेत.

हमीचे घराणे जुने. सरकारी खर्चावर पोसावा लागेल अशा माणसाला बंदरावरूनच परत पाठवण्याची तरतूद १८८२ च्या कायद्यात आली. पुढे मंदी आली, तेव्हा सप्टेंबर १९३० मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या सरकारने वकिलातींना बजावले, की हेच कलम व्हिसा देतानाच कडकपणे लावा. १९३० साली सुमारे २ लाख ४१ हजार लोक अमेरिकेत स्थायिक व्हायला आले होते. मंदी आणि ही कडक चाळणी मिळून १९३२ पर्यंत तो आकडा ३५ हजारांवर घसरला. चाळणीतून सुटायचे, तर अमेरिकेतल्या कुणाचे तरी प्रतिज्ञापत्र जोडणे हा मार्ग होता. हिटलरच्या जर्मनीतून निसटू पाहणाऱ्या ज्यूंसाठी हा कागद जीवनमरणाचा ठरला. नातेवाईक नसलेल्यांनी अमेरिकन टेलिफोन डिरेक्टरीत आपले आडनाव शोधून अनोळखी माणसांना पत्रे लिहिली.

नात्याच्या कागदाचा प्रवास निराळा. १९२४ च्या कायद्याने सज्ञान नागरिकांच्या आई-वडिलांना अग्रक्रम दिला, पण देशवार कोट्याच्या आत. भारतीयांना त्याचा उपयोग नव्हता. १९१७ पासून त्यांच्यासाठी दार जवळपास बंदच होते. १९४६ मध्ये ते किलकिले झाले, तेही वर्षाला सुमारे शंभर जणांपुरते. जुलै १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी नागरिकांच्या आई-वडिलांना कोट्यातून पूर्ण वगळावे, असे सुचवले. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी ज्या कायद्यावर सही केली, त्यात ती सूचना उतरली होती.

त्याच कायद्यात ओहायोचे काँग्रेस सदस्य मायकेल फीगन यांनी कौशल्यापेक्षा नात्याला वरचे स्थान मिळवून दिले. हिशेब सरळ होता: देशात गोरे युरोपीय बहुसंख्य, म्हणून नातेवाईकही तिकडूनच येणार. आशियाई लोकांचे इथे आहेतच कोण? पण शंभर जणांची जुनी मर्यादा याच कायद्याने उठली, कौशल्याच्या वाटेने भारतीय डॉक्टर-इंजिनिअर आले, पाच वर्षांनी नागरिक होऊ लागले, आणि त्यांनी आई-वडिलांना बोलावले. देशाचा चेहरा जपण्यासाठी नात्याला दिलेल्या झुकत्या मापाने तो बदलून टाकला.

हमीच्या प्रतिज्ञापत्राला मात्र तोवर कोर्टात फारशी किंमत नव्हती. ते नैतिक वचन आहे, वसुलीचा करार नव्हे, असे निकाल लागले होते. वृद्ध स्थलांतरितांच्या सरकारी भत्त्यांवरून १९९० च्या दशकात ओरड वाढली. मग १९९६ च्या कायद्यांनी वचनाचा करार केला, आणि १९ डिसेंबर १९९७ पासून आय-८६४ लागू झाला. दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के उत्पन्न दाखवायचे; ते कमी पडले तर दुसरा जामीन उभा करायचा. आई-वडील नागरिक होईपर्यंत, किंवा त्यांच्या नावे साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत ही जबाबदारी सुटत नाही. ते कायमचे परतले किंवा वारले तर ती आधी संपते. मुलाने सांभाळले नाही, तर या कागदाच्या जोरावर आई त्याला कोर्टात खेचू शकते.

कर्तव्याला कायद्यात बसवण्याचे काम भारतानेही केले. २००७ च्या कायद्याने आई-वडिलांना मुलांकडून निर्वाह मागण्यासाठी न्यायाधिकरण दिले. फरक हेतूचा आहे. आपला कायदा म्हाताऱ्या माणसाच्या ताटाची काळजी करतो. आय-८६४ ला काळजी आहे ती तिजोरीची. त्यात आईला मिळालेला हक्क हा त्या काळजीतून निघालेला जोडफायदा आहे.