खोताच्या वाडीतील एक डच ध्वनिमुद्रिका

गिरगावातील खोताची वाडी ही मुळात पाठारे प्रभू ज्ञातीतील दादोबा वामन खोत यांची मिळकत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही वसाहत आकारास आली. पुढे खोतांनी जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकले, आणि बाहेरून चढणारे लाकडी जिने, कौलारू छपरे व बोळाच्या अंगाला मोकळी ओसरी असलेली घरे तेथे उभी राहिली. एके काळी सुमारे ६५ असलेल्या या घरांपैकी आज तीसही शिल्लक नाहीत. त्यांच्या स्थापत्याविषयी पुष्कळ लिहिले जाते, परंतु त्या ओसऱ्यांवरून जे संगीत वाडीच्या बाहेर झिरपत असे, त्याची नोंद सहसा कोणी घेत नाही.

पलुसकरांनी १९०८ साली मुंबईत गांधर्व महाविद्यालय आणल्यापासून गिरगावच्या चाळींत पेटी आणि तंबोरा हे प्रतिष्ठेचे धन झाले होते. वाडीत मात्र व्हायोलिन आणि गिटार नांदत, आणि त्यांच्या तारा व स्वरलिपीची पुस्तके धोबीतलावच्या, १८६५ पासून चालत आलेल्या, फुर्टाडोंच्या दुकानातून येत. चाळ आणि वाडी यांच्यामध्ये एका भिंतीचेच अंतर होते, आणि ज्याचे कान शाबूत होते त्याला दोन्हीकडचे ऐकू येत असे.

आमचे एक वाडीकर शेजारी बोटीवर नोकरीस होते. हॉलंडच्या बंदरातून त्यांनी आणलेली, फोकस या डच वाद्यवृंदाची 'मूव्हिंग वेव्हज' ही १९७१ सालची तबकडी मी माझ्या तरुणपणी त्यांच्याच ओसरीवर ऐकली. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या संप्रदायात इंग्रजी मंडळींचा दबदबा मोठा असल्याने, टाइस फान लेअर यांचा ऑर्गन व बासरी आणि यान आकरमान यांची गिटार यांना आपल्याकडे त्यांचा न्याय्य वाटा कधी मिळाला नाही. ज्यांना फोकस ठाऊक आहे त्यांनाही बहुधा 'होकस पोकस'मधील ते यॉडलिंग तेवढे आठवते. दुसरी बाजू संपूर्ण व्यापणारी, ऑर्फियसच्या कथेवर रचलेली तेवीस मिनिटांची 'इरप्शन' ही कृती शेवटपर्यंत ऐकणारे थोडे.

आज तीच तबकडी पुन्हा लावली असता माझे मन थांबते ते पहिल्या बाजूच्या चौथ्या, 'मूव्हिंग वेव्हज' याच नावाच्या गीतापाशी. केवळ पियानो आणि फान लेअर यांचा कंठ. वारा पडल्यावरही न शमणाऱ्या लाटांशी केलेला तो संवाद तीन मिनिटांच्या आत आटोपतो. त्याचे शब्द इनायत खाँ यांचे आहेत, आणि हे इनायत खाँ बडोद्याचे.

सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ साली बडोद्यास गायनशाळा स्थापन करणारे मौलाबक्ष हे त्यांचे मातामह. या गायनाचार्यांनी स्वतःची स्वरलिपी सिद्ध केली होती, आणि त्यांचे पुत्र अलाउद्दीन खाँ लंडनला जाऊन पाश्चात्त्य संगीत शिकून आले होते. १८८२ साली जन्मलेले इनायत खाँ अशा घरात वाढले, वीणेत प्रवीण झाले, निजामाच्या दरबारी मान पावले आणि १९१० साली बंधूंसह अमेरिकेस निघाले. पुढे गायन मागे पडून सूफी उपदेश हेच त्यांचे जीवितकार्य झाले. हॉलंडमध्ये त्यांना मोठा शिष्यवर्ग लाभला. १९२२ साली ते जेथे राहिले त्या कॅटवाइकच्या वाळूच्या टेकड्यांवर आज सूफींचे प्रार्थनामंदिर उभे आहे. म्हणजे बडोद्याच्या गवयाचे शब्द हॉलंडमध्ये रुजले, तेथील एका तरुण वादकाने त्यांना चाल दिली, आणि दर्यावर्दी मनुष्याच्या पेटीतून ते गायकवाडांच्या मुलखापासून फार दूर नसलेल्या गिरगावात परत आले. या तबकडीला निव्वळ परदेशी म्हणणे मला मुळीच मान्य नाही.

देशत्यागापूर्वी, १९०९ साली, इनायत खाँ यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी गायिलेल्या चिजा आज पुन्हा उपलब्ध आहेत. वाचकांनी त्या आधी ऐकाव्यात आणि मग 'होकस पोकस' ओलांडून 'मूव्हिंग वेव्हज' हे गीत लावावे, एवढीच विनंती.