विजयाचे स्मारक आणि पराभवाचा रोष : अजित वाडेकर (१९७१-७४)

पराभवाचे खापर एकाच व्यक्तीवर फोडण्याची प्रवृत्ती केवळ युरोपीय फुटबॉल क्लबांच्या चाहत्यांपुरती मर्यादित नाही. अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९७१ मध्ये वेस्ट इंडीज व इंग्लंड येथे प्रथमच कसोटी मालिका जिंकल्या. त्या विजयाप्रीत्यर्थ इंदूर येथे काँक्रीटची बॅट उभारण्यात आली. १९७४ मध्ये मात्र इंग्लंडने मालिका ३-० अशी जिंकली. लॉर्ड्सवर भारताचा दुसरा डाव ४२ धावांत आटोपला. तेव्हा वाडेकरांच्या घरावर दगडफेक झाली आणि इंदूरची बॅटही विद्रूप करण्यात आली. पुढे पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले गेल्यावर त्यांनी निवृत्ती स्वीकारली. विजयातील अवाजवी गौरव व पराभवातील रोष ही एकाच मानसिकतेची दोन रूपे होत, हेच यावरून दिसून येते.